साडूबुवांचा हात

रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात जो यंत्रमानव होता, त्याचं कागदोपत्री नाव इतकं लांबलचक होतं की ते बनवणारीलाही एका दमात म्हणता येत नसे. पांढरंशुभ्र अंग, चाकांच्या बैठकीवर एकच पाय, दोन सांध्यांची लांब मान आणि टोकाला चोचीसारखी पकड. पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हा बगळा चावत तर नाही ना, असं विचारलं. झालं. त्या दिवसापासून तो बगळा, आणि त्याला बनवणारी ती बगळ्याची आई.

घरी मात्र तिला खुडबुडी म्हणत. लहानपणी घरातलं एकही घड्याळ तिने धड चालू दिलं नव्हतं. वडील सुतार. त्यांच्या कारखान्यात भुशात फतकल मारून बसायचं, समोर एखादा मेलेला रेडिओ उघडायचा आणि त्याचे स्क्रू भुशात हरवायचे, हा तिचा सुट्टीतला धंदा. पुन्हा जोडता येणार असेल तरच उघड, एवढंच वडील करवत चालवता चालवता बजावायचे. पुढे शिकूनसवरून ती यंत्रमानव बनवायला लागली, तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं की पोरगी अजून तेच करते, फक्त आता तिला कुणी रागवत नाही.

बगळ्याचं काम सांगायला सोपं होतं. पक्षाघाताने ज्याचा हात लुळा पडला, त्याचं मनगट बगळ्याच्या चोचीतल्या मऊ पट्ट्यात बांधायचं. मग बगळा त्या हाताचं ओझं स्वतःवर घ्यायचा आणि हात हलवायला मदत करायचा. सगळी खुबी त्या मदतीत होती. रुग्णाने जरासा जोर लावला की बगळा तेवढाच आपला जोर कमी करायचा, आणि रुग्ण थकला की पुन्हा सावरून घ्यायचा. सायकल शिकवणारा माणूस मागची सीट धरून धावतो, मग हळूच सोडतो आणि पोराला पत्ता लागू देत नाही, तसं. प्रत्येकाला हालचाल वेगळी लागते, म्हणून बगळ्याला शिकवायची सोयही तिने केली होती. बटण दाबून त्याची चोच धरायची आणि हवी ती हालचाल करून दाखवायची. हात कुठून कुठे गेला, कुठे दाबला, कुठे सैल सोडला, सगळं बगळा लक्षात ठेवायचा आणि हुबेहूब करायचा. हे शिकवायचं काम विभागातल्या फिजिओथेरपिस्टचं. तो सगळ्यांकडून इतक्या चिकाटीने व्यायाम करून घ्यायचा की त्याला सगळे मास्तर म्हणत.

बगळा रांगेला लागला होता, मोठे डॉक्टर खूश होते, आणि खुडबुडीच्या मनात त्याला धाकटं भावंड करायचे बेत चालू होते. त्याच सुमारास तिचे वडील आजारी पडले.

ते कसं झालं, हे सांगायचं तर आधी काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मावशीचे यजमान. दोन सख्ख्या बहिणींची लग्नं दोन सुतारांशी झाली, आणि दोन्ही साडूंनी मिळून एकच कारखाना काढला. लग्नं एका वर्षाच्या अंतराने झाली आणि भांडण दुसऱ्या लग्नाच्या मांडवातच सुरू झालं, असं आई म्हणायची. भांडण कशावरून? दार कोणत्या बाजूला उघडावं यावरून, लाकूड चिकटवायचा सरस किती पातळ करावा यावरून, आणि मुख्य म्हणजे रंधा कसा मारावा यावरून. फळी गुळगुळीत करायला ते हत्यार दोघेही आयुष्यभर चालवत आले होते, पण एकाचं मारणं दुसऱ्याला कधी पटलं नाही. एरवी दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. राग आला की मात्र लगेच अहो-जाहो सुरू, आणि पाठोपाठ साडूबुवा. कारखान्याच्या दारातून आत येणाऱ्याला "अहो साडूबुवा" एवढं ऐकू आलं की तो बाहेरच थांबायचा.

त्या सकाळी एका कपाटाच्या ड्रॉवरवरून जुंपली होती. ड्रॉवर अडकतो असं काका म्हणत होते. तो अडकत नाही, नीट बसतो, असं वडिलांचं म्हणणं. वडिलांनी दाखवण्यासाठी उजवा हात उचलला, तर तो उठेचना. तोंड जरा वाकडं झालं आणि वाक्य अर्ध्यावर थांबलं. काकांनी नंतर सांगितलं की साडू बोलता बोलता माघार घेतोय असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि तिथेच काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं, कारण असं आजवर कधी घडलं नव्हतं. मागचं-पुढचं न बघता त्यांनी वडिलांना उचलून टेम्पोत घातलं. गिऱ्हाइकाकडे न्यायला चढवलेलं ते कपाट टेम्पोत तसंच होतं. ड्रॉवर खडखडवत टेम्पो रुग्णालयाच्या दारात उभा राहिला.

वेळेत पोचल्यामुळे निभावलं. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी विरघळवली. जीभ लवकरच ताळ्यावर आली, पाय हळूहळू ऐकू लागला. पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. आणि हात परत आणायची जागा म्हणजे बगळ्याचा विभाग.

वॉर्डात बातमी लगेच पसरली. बगळ्याच्या आईचे वडील, म्हणजे बगळ्याचे आजोबा. नातू आता आजोबांना खेळवणार, असं सगळे म्हणू लागले. लोकांना मोठी मौज वाटली. वडिलांना वाटली नाही.

बगळ्याबरोबर एक पडदा होता. त्यावर वरून फळं पडायची आणि हात हलवून ती टोपलीत झेलायची. बाकीच्यांना हा खेळ आवडायचा. एक निवृत्त बसवाहक तर त्यावर शेजाऱ्याशी पैज लावायचा. वडिलांनी मात्र पट्टा बांधून घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. हात त्यांनी धान्याच्या पोत्यासारखा सोडून दिला होता. बगळा बिचारा ते पोतं इकडून तिकडे, तिकडून इकडे नेत राहिला. फळं सगळी झेलली गेली. पण रुग्ण स्वतः किती जोर लावतो ते दाखवणारी रेघ पडद्याच्या कोपऱ्यात सपाट पडून होती.

खुडबुडीने फळं काढून टाकली. टेबल पुसायचा व्यायाम आणला, पेला उचलायचा आणला, बुद्धिबळाची प्यादी सरकवायचा आणला. रोज संध्याकाळी घरी जाऊन ती नवं काहीतरी लिहायची आणि सकाळी बगळ्यात घालायची. रेघ ढिम्म हलेना. मास्तरने तिला बाजूला घेऊन सांगितलं की स्नायूंत दोष नाही. मेंदूला हाताची वाट नव्याने शोधायची आहे, आणि ती वाट मेंदू स्वतः चालल्याशिवाय सापडत नाही. बगळा हात हलवतो आहे, बाबा हलवत नाहीत. हे तिलाही ठाऊक होतं. ठाऊक असलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त लागतं.

एक दिवस पट्टा सोडवता सोडवता तिने वडिलांना विचारलंच, की तुम्ही प्रयत्न का करत नाही.

ते रागावले नाहीत. त्याचंच तिला वाईट वाटलं. त्यांनी डाव्या हाताने बगळ्याची मान थोपटली, एखाद्या गुणी बैलाची थोपटावी तशी.

"तुझं काम सुबक झालंय, पोरी. सांधा कुठे कुरकुरत नाही. पण मला त्या फळांशी काय करायचंय? पेला मी डाव्या हाताने पण उचलतो."

बाहेर व्हरांड्यात येऊन खुडबुडी भिंतीला टेकून उभी राहिली. आपण इतक्या जणांचे हात हलवले आणि घरचाच हात अडून बसला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. मग नाक पुसून ती पुढच्या रुग्णाकडे गेली, कारण बसवाहक पैज जिंकायच्या बेतात होता आणि त्याला साक्षीदार हवा होता.

काका रोज यायचे. पण ते आधीचे काका राहिले नव्हते. पलंगाशेजारी स्टुलावर अंग चोरून बसायचे आणि साडू म्हणेल त्याला मान डोलवायचे. हवा बरी आहे, हो बरी आहे. चहा पाणचट आहे, हो अगदी पाणचट आहे. दार डावीकडेच उघडायला हवं होतं, हो डावीकडेच. मावशीने त्यांना घरून पढवून पाठवलं होतं की आजारी माणसाला उलट बोलायचं नाही. वडील दिवसेंदिवस आणखीच खचत चालले. शेवटी त्यांनी आईजवळ मनातलं सांगितलं, की हा माणूस माझ्या प्रत्येक शब्दाला हो म्हणतोय, म्हणजे डॉक्टरांनी त्याला काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवताय.

आई हसता हसता रडली की रडता रडता हसली, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने मावशीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी काका आले ते तोंडाचं कुलूप काढून. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की ते कपाट गिऱ्हाइकाकडे पोचवलं. ड्रॉवर अडकत होता म्हणून कडेने थोडा रंधा मारून घेतला.

वडील उठून बसले. अडकत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. अडकत होता, असं काकांनी सांगितलं. तुम्ही मारलात म्हणजे कड गेलीच, असं वडील म्हणाले. त्या "तुम्ही"सरशी शेजारच्या पलंगावरच्या, बगळ्याला नाव देणाऱ्या आजींनी चष्मा चढवला. साडूबुवा, शेवटाला तुमचा हात नेहमी उचलतो, टोकाशी लाकूड तसंच राहतं, हे वडिलांनी सुनावलं. आणि तुमचा दबतो, तुमच्या फळ्यांची टोकं बसकी होतात, हे काकांनी परत केलं. वडील डाव्या हाताने हवेत रंधा मारून दाखवू लागले.

खुडबुडी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. भांडणात तिला काही नवीन नव्हतं; त्या भांडणातच ती लहानाची मोठी झाली होती. पण तिची नजर वडिलांच्या उजव्या खांद्यावर गेली. डावा हात पुढे जायचा तेव्हा चादरीखाली उजवा खांदाही पुढे सरकत होता. अगदी थोडा. डावा मागे आला की तोही मागे. तिने मास्तरला नुसत्या नजरेने खुणावलं. मास्तरने पाहिलं आणि हातातली उशी तशीच धरून तो उभा राहिला.

काका निघाले तेव्हा तिने त्यांना दारात गाठलं आणि उद्या सकाळी लवकर या म्हणून सांगितलं. येताना तुमचा रंधा घेऊन या, पातं काढून.

दुसऱ्या दिवशी वडील नाश्ता करत होते, तेव्हा पलीकडच्या खोलीत काका बगळ्यासमोर उभे होते. खुडबुडीने टेबलावर एक फळी आवळून बसवली होती आणि चोचीतल्या पट्ट्याला काकांचा रंधा जोडला होता. नेहमीप्रमाणे मारा, तिने सांगितलं. काका अवघडले. बिनपात्याच्या रंध्याने रुग्णालयात फळी घासायची, समोर एक पांढरं यंत्र आणि दारात दोन परिचारिका. त्यांना आपण नाटकात उभे आहोत असं वाटायला लागलं. पहिले काही हात अगदी शाळकरी झाले. मग खुडबुडीने सहज विचारलं की काका, बाबा म्हणतात तुमचा हात शेवटी उचलतो, ते खरं का? काकांनी पाय फाकवले, कंबर वाकवली आणि असे काही हात मारले की टेबल सरकलं. तिने बटण दाबून ठेवलेलंच होतं. बगळ्याला काकांचा हात पाठ झाला.

मोठ्या डॉक्टरांना दाखवून, वेग निम्म्यावर आणून, आणि जोराला वरून मर्यादा घालून मगच तिने तो वडिलांना लावला. त्यांना फक्त आज नवीन व्यायाम आहे एवढं सांगितलं. वडिलांनी सवयीने खिडकीकडे तोंड फिरवलं. बगळ्याची मान पुढे गेली, मागे आली. पुढे गेली, मागे आली.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला वडिलांनी मान वळवली. आधी हाताकडे पाहिलं, मग बगळ्याकडे, मग लेकीकडे.

"हा कुणाचा हात आहे?"

खुडबुडीला बोलायचं होतं, पण मास्तरने तिच्या कोपराला हलकेच धरलं होतं.

वडिलांनी डोळे मिटले. बगळा पुढे गेला. हात शेवटाकडे आला, आणि तिथे, नेमका तिथेच, जरासा वर उचलला. वडिलांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांच्याच घरात शिरून त्यांच्याच खुर्चीत बसलंय.

"साडूबुवांचा," ते म्हणाले. "उचलला बघ. उचलला. आयुष्यभर सांगतोय या माणसाला."

पुढच्या फेरीला हात टोकाशी आला, बगळ्याने तो उचलायला घेतला, आणि वडिलांनी खाली दाबला.

कोपऱ्यातल्या सपाट रेघेवर एक टेंगूळ आलं. मुंगीएवढं. पुढच्या फेरीला आणखी एक. मास्तर पुढे झाला. हा हाताचा आखडलेपणा तर नाही ना, हे त्याने दंडावर बोटं ठेवून तपासलं. मग खुडबुडीकडे बघून त्याने मान हलवली. आखडलेपणा नव्हता. हा जोर होता, आणि मनापासून लावलेला होता. वडील घामाने निथळत होते. आठवडेच्या आठवडे पोत्यासारखा पडलेला हात आपल्या साडूशी भांडत होता.

खुडबुडी खोलीतल्या कापडी पडद्यामागे जाऊन बसली आणि तिने ओढणी तोंडात धरली. आनंदाचं रडू इतक्या मोठ्याने येतं हे तिला माहीत नव्हतं.

पुढचं काम तिचं होतं, आणि ते तिने झपाटल्यासारखं केलं. आतापर्यंत बगळा फक्त मदत करायचा. आता त्याला ऐकून घ्यायलाही शिकवायचं होतं. वडिलांनी जिथे दाबलं, तिथे पुढच्या फेरीला बगळ्याने आपला हट्ट किंचित सोडावा. त्यांनी पुन्हा दाबलं की आणखी किंचित. म्हणजे सुरुवात काकांच्या हाताने व्हावी आणि घासत घासत ती हालचाल वडिलांची व्हावी. फार लवकर सोडलं तर भांडायला काही उरणार नाही, फार ताणलं तर माणूस हरेल. हे प्रमाण जमवण्यात तिने मास्तरला इतक्या वेळा पट्ट्यात बांधलं की त्याचंच मनगट दुखायला लागलं. त्याला मलम लावता लावता दोघंही पोट धरून हसले.

काही दिवसांनी वडिलांनी काकांना निरोप पाठवला की तुमचा हात मी सुधारला आहे, येऊन बघून जा. काका तणतणत आले. बगळ्याची बदललेली चाल त्यांनी पाहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी खुडबुडीला तिथल्या तिथे बटण दाबायला लावलं आणि आपला हात पुन्हा शिकवला, या वेळी टोकाशी जरा जास्तच उचलून. वडिलांनी तो आठवडाभर झगडून खाली आणला. काका पुन्हा आले. रेघ आता टेकाडासारखी चढू लागली होती. वॉर्डात दोन तट पडले. बसवाहक काकांच्या बाजूने, आजी वडिलांच्या बाजूने. आजींना रंधा म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं, पण त्या म्हणाल्या, बगळ्याचे आजोबा चुकणार नाहीत.

मग एका दुपारी आजींनी खुडबुडीला जवळ बोलावलं. त्या आयुष्यभर लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या. त्यांनी विचारलं की तुझ्या बगळ्याला शिलाई यंत्राखालून कापड सरकवता येईल का. माझी बहीण येऊन शिकवेल. तिचे टाके वाकडे जातात, पण ते मी बघून घेईन.

बहीण आली. बसवाहकाने आपल्या जुन्या सोबती वाहकाला आणलं, दोरी ओढून बसची घंटी वाजवून दाखवायला. एका शिक्षिकेच्या नवऱ्याने फळा पुसून दाखवला, आणि तो इतका गचाळ पुसला की शिक्षिका पहिल्याच दिवशी जोर लावू लागली. घरचं माणूस चुकतंय हे दिसलं की लुळा हातही गप्प बसत नाही, असं मास्तरने डॉक्टरांच्या बैठकीत सांगितलं. सगळे हसले, पण पुढच्या रेघा पाहून त्यांनी ते टिपून घेतलं. सगळ्यांना हे लागू पडलं नाही. एका माणसाच्या हाताला बायकोने शिकवलेली हालचाल लावली, तर तो शांतपणे म्हणाला की ती बरोबरच करते, मी काय बोलणार. त्याला पुन्हा फळांवर आणावं लागलं.

वडिलांचा खांदा सुटला, कोपर सुटलं. बोटं मात्र मागे राहिली. मूठ मिटायची, पण स्वतःहून उघडायची नाही, आणि बारीक काम तर लांबच. डॉक्टरांनी त्यांना काही न लपवता सांगितलं की बोटांना वेळ लागेल, आणि पूर्वीइतकी ती बहुधा येणार नाहीत. खुडबुडी तेव्हा शेजारीच होती. वडील थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की ढकलता येईल ना? डॉक्टर म्हणाले, ढकलता येईल. मग झालं तर, असं म्हणून त्यांनी चप्पल कुठे आहे ते विचारलं.

घरी सोडल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी कारखान्याची वाट धरली. खुडबुडीही त्यांच्याबरोबर निघाली. आई आणि मावशी आधीच तिथे पोचल्या होत्या, कारण दोघींनी मिळून रंध्याच्या मुठीला चामड्याचा पट्टा शिवला होता. हात त्यात अडकवला की बोटांनी धरायची गरज उरत नव्हती.

कारखान्यात एक मोठा जुना रंधा होता, एकट्याने न चालणारा. मागच्याने ढकलायचा आणि पुढच्याने आडव्या दांड्याला धरून ओढायचा. दोघा साडूंनी तो कधी एकत्र चालवला नव्हता. चालवणार कसा, दोघांनाही मागे उभं राहायचं असायचं. त्या सकाळी काका आपणहून पुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दांडा धरला. वडिलांनी पट्ट्यात हात घातला. डावा त्यावर ठेवला.

पहिला हात अडखळला. दुसरा निम्म्यावर थांबला. तिसऱ्याला रंधा सरसरत गेला, आणि लाकडाची एक पातळ, लांबच लांब साल वळत वळत वर आली आणि वडिलांच्या मनगटावर जाऊन बसली. आईने साल उचलली आणि उगाच उजेडात धरून पाहिली.

मग पुन्हा एक हात, आणि पुन्हा एक. काका ओढताना म्हणत होते की जरा हळू, वडील म्हणत होते की हळूच चाललंय. खुडबुडी फळीचं टोक दाबून धरून उभी होती. विभागात पोचायला तिला केव्हाचा उशीर झाला होता. तिने एका हाताने फोन काढून मास्तरला लावला आणि आज जरा वेळ होईल म्हणून कळवलं.

हा आवाज कसला येतोय, असं त्याने विचारलं.

तिने फोन रंध्याजवळ धरला. पलीकडे मास्तरने तो मोठ्या आवाजावर टाकला असावा, कारण वॉर्डातली नेहमीची गलबल आधी ऐकू आली आणि मग थांबली. फळीवरून रंधा जात होता, येत होता. तिकडे सगळे ऐकत होते.

बऱ्याच वेळाने आजींचा आवाज आला. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की ढकलतंय कोण आणि ओढतंय कोण.

"तुम्हीच विचारा त्यांना," खुडबुडी म्हणाली, आणि फोन तिने दोघांच्या मधोमध धरला. दोघंही एकदमच बोलायला लागले.